मऊ भाताचं गणगोत

हल्ली आपल्या स्वयंपाकघरांत दोन इंग्रजी शब्द बिऱ्हाडाला येऊन राहिले आहेत. एक ‘कम्फर्ट फूड’ आणि दुसरा ‘फ्यूजन’. पहिला तसा गरीब स्वभावाचा आहे. मुलगा दमून घरी आला की म्हणतो, "आई, आज काहीतरी कम्फर्ट फूड कर ना!" म्हणजे काय करायचं, तर मुगाची खिचडी, वर तूप, शेजारी भाजलेला पापड! दुसरा शब्द मात्र भारी नखऱ्याचा. त्याच्या नावाखाली पुरणपोळीचा पिझ्झा आणि शेजवान चटणी भरलेले मोदक असल्या वस्तू जन्माला येतात, आणि आपण त्या चांगल्या पैसे मोजून खाऊन येतो, वर "वेगळं होतं नाही?" असंही म्हणतो.

पहिल्या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. पण त्यावाचून आपलं काही अडलं नव्हतं. लग्नघरातले चार दिवस संपवून आलं, गाडीचा लांबचा प्रवास करून आलं, तापातून उठलं, की घरातलं माणूस म्हणायचं, "आज साधंच कर गं काहीतरी." या ‘साधंच’मध्ये सगळं आलं. मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं. फार झालं तर ताकाची कढी. ते जेवण कोणी पाहुण्यांना वाढत नाही, कोणी त्याचा फोटो काढत नाही. पण जिवाला जे बरं वाटतं ते त्यानंच.

आता हे साधंच जेवण आणि परमुलुखातले पदार्थ यांची सोयरीक जुळेल असं कोणाच्या मनात येईल? माझ्याही आलं नसतं. हौसेनं प्रयोग करणारी बाई मी नव्हे. रोजची पोळी-भाजी वेळेवर झाली म्हणजे मी माझ्या पाककौशल्यावर खूष असते. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी मऊ भाताचे इतके अवतार झाले, की शेजारणी मला गमतीनं ‘भातवाल्या बाई’ म्हणू लागल्या आहेत. त्याला कारण झाल्या आमच्या सासूबाई.

सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. हाड सांधलं, पण त्यांची भूकच मेली. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी चार घास, रात्री "नको गं, पोट भरल्यासारखं वाटतंय." दर आठवड्याला त्यांच्या हातांतल्या बांगड्या जास्त सैल दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "औषधांचं काम झालं. आता अन्न पोटात जायला हवं. डाळ, दूध, दही, चालत असेल तर अंडं. ताकद आली तर त्या चालतील, चालल्या तर भूक लागेल." म्हणजे सगळी भिस्त शेवटी माझ्या पातेल्यावर!

घरच्या रिवाजाप्रमाणे मी मऊ भात सुरू केला. आंबेमोहोर तांदूळ, साजूक तूप, घरचं मेतकूट. पंधरा दिवस त्यांनी तो कसाबसा खाल्ला. सोळाव्या दिवशी वाटी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "अगं, हे आजाऱ्याचं जेवण आता पुरे. मी आजारी नाहीये. म्हातारी आहे."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. खरंच होतं त्यांचं. मऊ भात आपण आजारपणाशी इतका बांधून टाकला आहे, की तो ताटात आला की माणसाला आपण खाटेवर आहोत असंच वाटावं. शिवाय दुसरंही एक कारण होतं. वयाबरोबर जिभेची आणि नाकाची धार कमी होते. तुम्हां-आम्हांला जे सौम्य लागतं, ते चौऱ्याऐंशीच्या जिभेला नुसतं पांढरं लागतं. पण कवळीला मऊच हवं, पोटाला हलकंच हवं! तिखट वाढवावं तर छातीत जळजळ. मग चव आणायची कुठून?

वाट दाखवली ती समोरच्या बिऱ्हाडातल्या केरळी बाईंनी. सासूबाईंना बघायला आल्या त्या हातात झाकलेलं भांडं घेऊनच. आत कंजी होती. त्यांच्याकडच्या लालसर, जाड, उकड्या तांदळाची पेज, बरोबर नारळ घालून परतलेले हिरवे मूग आणि एक भाजलेला पापड. सासूबाईंनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला आणि मला विचारलं, "ही पेजच की गं. मग अशी वेगळी कशी लागते?" त्या दिवशी वाटी रिकामी झाली. किती दिवसांनी ती रिकामी वाटी घासताना मला जो आनंद झाला, तो पंचपक्वान्नांचं ताट लख्ख झालं तरी झाला नसता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मऊ भात ही काही आपल्या एकट्यांची मिरास नाही. जिथं जिथं तांदूळ पिकतो, तिथं तिथं त्याला पाण्यात शिजवून शिजवून मऊ करणारी आई-आजी आहेच. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज, बरोबर खारातली कैरी नाहीतर भाजलेलं सुकं. तमिळ घरांत दहीभात, त्यावर मोहरी-कढीलिंबाची फोडणी. बंगालात फेनाभात. फेन म्हणजे भाताचं पाणी. ते न गाळता भात शिजवायचा, त्यात तूप आणि उकडलेला बटाटा कुस्करायचा. चीनच्या दक्षिणेला जूक, त्यात आल्याचे बारीक काप, कांद्याची हिरवी पात, वरून तळलेले शेंगदाणे. जपानात ओकायु, शेजारी उमेबोशी नावाचं मिठात मुरवलेलं आंबट फळ.

ही यादी वाचून पाहा. सगळीकडे मांडणी एकच! मधोमध एक मऊ, गरम, शांत वाटी. तिच्या कडेला काहीतरी आंबट-खारट, काहीतरी कुरकुरीत, आणि एखादा स्निग्ध थेंब. आपलं लिंबाचं लोणचं, पापड आणि तूप यांच्याच जागा त्या सर्वांनी आपापल्या मालानं भरल्या आहेत. मेतकूट म्हणजे तरी काय? भाजलेल्या डाळी, तांदूळ, मेथ्या, हिंग, सुंठ यांचं दळण. म्हणजे वासाची आणि डाळीची सोय एकाच चिमटीत. म्हणजे जिवाला बरं वाटतं ते मेतकुटामुळे किंवा आंबेमोहोरामुळेच नव्हे. ते या मांडणीमुळे. मांडणी तीच ठेवली, तर कडेची माणसं बदलता येतील. सासूबाईंना मऊही मिळेल आणि रोज नवीनही. झालं! तिथून माझे प्रयोग सुरू झाले.

आठवड्यातून तीन दिवस ‘परगावचा भात’ असा नेम ठरला. पहिला मान चिनी जूकचा. एक वाटी आंबेमोहोर, मूठभर मुगाची डाळ (ही भर माझी, कारण डॉक्टरांची डाळीची ताकीद होती) आणि आठ वाट्या पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तासभर ठेवायचं आणि अधूनमधून ढवळायचं. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीच घ्यावा, बासमती नको. बासमतीचं शीत शेवटपर्यंत आपला ताठा सोडत नाही, आणि इथं तर शितानं फुटून पाण्याशी एकरूप व्हायला हवं. तासाभरानं भात आणि पाणी यांतला भेद उरत नाही, चमच्यावरून रेशमासारखा ओघळतो. मग मीठ, आल्याचे सुतासारखे काप, कांद्याची पात. आता मूळ पदार्थात इथं सोयाबीनचा तो काळा रस आणि तिळाचं तेल येतं. सोयाबीनचा रस मी थेंबभरच ठेवला, आणि तिळाच्या तेलाऐवजी तुपात जिरं तडतडवून वर ओतलं. शेंगदाणे सासूबाईंना चावत नाहीत, म्हणून त्यांचं भरड कूट.

पहिला घास घेऊन सासूबाई म्हणाल्या, "आलं छान लागतंय. पण हे काळं काय घातलंस? शाई सांडल्यासारखं दिसतंय." पुढच्या खेपेला काळा रस गेला, त्याच्या जागी अर्धं आमसूल आलं. आंबट-खारटाची जागा भरली, शाई गेली. तो भात आमच्याकडे कायमचा राहिला. त्याला आता चिनी म्हणावं की रत्नागिरीचा, हे तुम्हीच ठरवा.

जपानी ओकायुची कथा आणखी मौजेची. आमचा भाचा नोकरीसाठी ओसाकाला असतो. तो सुट्टीवर आला तेव्हा आजीसाठी उमेबोशीची लहानशी बरणी घेऊन आला. लालसर, सुरकुतलेलं, जर्दाळूएवढं फळ. त्यानं आजीला सगळी माहिती दिली. कच्चं फळ मिठात मुरवतात, मग उन्हात वाळवतात, ते वर्षानुवर्षं टिकतं. सासूबाईंनी त्याचा कणभर तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं खारातलं लिंबू! एवढ्या लांबून कशाला आणलंस? फडताळात वरच्या खणात आहे की चार वर्षांचं!" आणि खरोखरच ते काळं पडलेलं मुरलेलं लिंबू काढून आम्ही जपानी भाताबरोबर वाढलं. भाचा म्हणाला, "आजी, तिकडे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही." आजी म्हणाल्या, "सांगू नकोस. खायला घाल."

सगळेच प्रयोग असे पास झाले नाहीत. इटलीत तांदळाचा मऊसर पदार्थ असतो, त्यात चीज घालतात. मुलाच्या आग्रहानं तोही केला. सासूबाईंनी दोन घासांत निकाल दिला, "भाताला वंगण घातल्यासारखं झालंय." दुधा-तुपावर वाढलेल्या जिभेला चीजचा तो आंबूस वास परका. पण इटलीतलाच दुसरा पदार्थ जमला. उत्तर इटलीत मक्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्टसर खातात, त्याला पोलेंटा म्हणतात. मला ते करताना सारखी आपली उकड आठवत होती. तांदळाच्या पिठाची, ताकातली, लसणीच्या फोडणीची. मग मक्याचा बारीक रवा घेतला आणि पाण्याऐवजी ताकात शिजवला, वर लसूण-हिंगाची फोडणी. राजस्थानात मक्याची राबडी ताकात शिजवतात, तेव्हा ही युक्तीही काही माझ्या घरची नव्हे. सासूबाईंनी वाटीभर खाल्ली आणि नातवाला म्हणाल्या, "इटलीवाल्यांना ताक मिळत नाही वाटतं?"

नातवाचंही एक घेणं होतं. त्याला पास्ता आवडतो, आणि आजीच्या पथ्यापायी घरात रोज भातच शिजतो ही त्याची तक्रार. त्याला मी एका रविवारी चकोल्या करून घातल्या. कुठं त्यांना वरणफळं म्हणतात. कणकेचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे आमटीत शिजवायचे, वर तूप. गुजरात्यांची दाळढोकळी तीच, आणि इटलीत कडधान्याच्या रश्शात पास्ता शिजवतात तीही तिची मावसबहीणच. आमटीत थोडा जास्त टोमॅटो आणि शेवटी तुळशीची चार पानं चुरडून टाकली. इटालियन तुळस वेगळी असते, पण नातं त्याच घरातलं. चिरंजीव मिटक्या मारत म्हणाले, "हे इटालियन आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "हो. सोलापूरजवळचं."

इथवर सगळं खेळीमेळीचं चाललं होतं. पण आमच्या थोरल्या वन्सं आईला भेटायला आल्या, आणि त्यांना हा प्रकार समजला. त्या दिवशी एकादशी होती. त्या म्हणाल्या, "आईला या वयात चिनी-जपानी कसलं घालतेस? आपलं म्हणून काही आहे की नाही? आयुष्यभर तिनं सोवळ्यानं स्वयंपाक केला." बोलणं मायेपोटीच होतं. मी काहीच बोलले नाही, त्यांच्या पुढ्यात फराळाचं ताट ठेवलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, हिरव्या मिरचीची चटणी, पपईच्या फोडी.

त्या ताटाकडे बघता बघता मला जे वाटलं ते तुम्हांला सांगते. एकादशीच्या ताटाहून शुद्ध, परंपरेचं असं आपल्याकडे दुसरं काय असेल? आणि त्यातला बटाटा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा. मिरची आणि पपई मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या बाजूच्या. वास्को द गामा १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यानंतर हा सगळा गोतावळा जहाजांतून हळूहळू आपल्याकडे उतरला. ‘बटाटा’ हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. ‘पाव’ही त्यांचाच आणि ‘काजू’ही त्यांच्याच तोंडून आला. राहता राहिला साबुदाणा. तो मुळात आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या गाभ्यातून काढत. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल यायचा थांबला, तेव्हा आजच्या तमिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला, आणि आज आपण उपासाला खातो तो या कंदाचाच. तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला! म्हणजे एकादशीचं ताट हे आपल्या घरातलं सर्वांत मोठं ‘फ्यूजन’, आणि ते आपण देवाला नैवेद्य दाखवून खातो!

हे मी वन्संना ऐकवलं नसतं. पण सासूबाईच पलंगावरून म्हणाल्या, "अगं, माझ्या आजीनं जन्मात टोमॅटो घरात येऊ दिला नाही. मांसासारखा दिसतो म्हणायची. आणि आता तूच मागच्या खेपेला टोमॅटोचं सार दोन वाट्या प्यायलीस की!" वन्सं हसल्या. खिचडीही आणखी एक वाढ घेतली.

बरं, हा व्यवहार एकतर्फी झालेला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पोर्तुगीजांनी बटाटा-मिरची दिली, आणि नेलं काय? मसाल्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या दक्षिण किनाऱ्यावरची कंजीसुद्धा त्यांनी नेली. आज पोर्तुगालात आजाऱ्याला, बाळंतिणीला कोंबडीच्या रश्शात तांदूळ शिजवून देतात, त्या सुपाचं नाव ‘कांजा’. शब्द उघड उघड इकडचाच. इंग्रजांनी तोच शब्द ‘काँजी’ म्हणून उचलला आणि चिनी जूकलासुद्धा तेच नाव लावलं. आपण मराठी माणसांनी मात्र त्या कांजीत कपडे बुडवले आणि खायच्या वस्तूला पेज म्हटलं, ती गोष्ट निराळी!

खिचडीचंही तसंच. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आला होता. इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तूप घालून न्याहारीला खातात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हीच खिचडी इंग्रजांबरोबर विलायतेला गेली, तेव्हा वाटेत तिची डाळ गळाली आणि तिच्यात धुरी दिलेला मासा आणि उकडलेली अंडी शिरली. तिकडे तिला ‘केजरी’ म्हणतात. इजिप्तमध्ये ‘कोशारी’ असते, तांदूळ, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. तीही आपल्या खिचडीचीच लेक, असं पुष्कळ जाणकार मानतात. लेकी सासरी गेल्या की त्यांची राहणी बदलते. पण चेहरेपट्टी कुठं जाते?

मग सगळंच चालतं का? पुरणपोळीच्या पिझ्झानं काय पाप केलं? पाप काही नाही. पण तिथं दोन पदार्थांची ओळख नावापुरतीच असते. पुरणपोळीचं सुख तिच्या मऊपणात आणि तुपात आहे. तिच्यावर चीज पसरलं की तिचंही सुख जातं आणि चीजचंही. दोन माणसांचा स्वभाव मुळीच जुळत नसताना फक्त पत्रिकेवर नावं छापावीत, तसं ते लग्न. त्याउलट लिंबू आणि उमेबोशी यांनी एकमेकांना पाहताक्षणी ओळखलं.

दोन वर्षांच्या या उठाठेवीतून माझ्या हाती तीन गोष्टी लागल्या. ज्यांच्या घरी न जेवणारं म्हातारं माणूस आहे, किंवा रुसलेलं मूल आहे, त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली, एका वेळी एकच पाहुणा. ओळखीच्या वाटीत एकच अनोळखी वस्तू घालावी. आलं-पात नवीन असेल तर तूप-जिरं ओळखीचं असू द्यावं. सगळीच वाटी परकी झाली की माणूस बिचकतं, आणि बिचकलेल्या माणसाला भूक लागत नाही.

दुसरी, जागेवर जागा भरावी. आंबटाच्या जागी आंबट, कुरकुरीताच्या जागी कुरकुरीत. तिळाच्या तेलाच्या जागी तूप चालतं, उमेबोशीच्या जागी खारातलं लिंबू किंवा आमसूल चालतं. पण आंबटाची जागाच रिकामी ठेवली तर भात मुका होतो. रक्तदाबाचं दुखणं असेल तर खारातल्या वस्तूंवर हात आखडावा आणि ताजं लिंबू पिळावं. काम तेच होतं.

तिसरी, आंबट नेहमी शेवटी. डाळ-तांदूळ पुरते मऊ झाल्याखेरीज आमसूल, चिंच, टोमॅटो यांना पातेल्यात पाऊल टाकू देऊ नये. आंबटामुळे डाळीच्या आणि बटाट्याच्या पेशींच्या भिंती लवकर सुटत नाहीत, मग कितीही वेळ शिजवा, दाणा टणक तो टणकच. आपल्या आजीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण आमसूल शेवटी टाकायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. नव्या पद्धतीची खिचडी करताना टोमॅटोचा रस पहिल्यापासून ओतायचा मोह होतो, तो आवरावा.

आणि या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट पातेल्यातली नाहीच. सासूबाईंनी साठ वर्षं हे घर जेवू घातलं. आमटीला मीठ कमी की जास्त, लोणच्याला मोहरी फेसायची किती, हे सगळं घर त्यांना विचारत होतं. पडल्यापासून त्यांना कोणी काही विचारेना. "खा", "घ्या", "एवढं संपवा", एवढंच त्यांच्या कानांवर पडू लागलं. परगावचा भात आला तेव्हा पुन्हा त्यांचं मत लागायला लागलं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे त्याच ठरवू लागल्या. मला वाटतं, त्यांची भूक जितकी आल्यानं जागी झाली, तितकीच त्या विचारण्यानं. दुपारी अकराच्या सुमाराला पलंगावरून आवाज येऊ लागला, "आज कोणत्या गावचा गं?" पुढं पुढं तो आवाज स्वयंपाकघराच्या दारातून येऊ लागला. काठी टेकत, पण दारातून! आता त्या ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि आलं चिरतात. माझ्यापेक्षा बारीक चिरतात. बांगड्या अजून सैलच आहेत, पण कोपरापर्यंत चढत नाहीत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले असतील. पहिल्या दिवशी सगळे तुटून पडतील, दुसऱ्या दिवशी निवडून खातील, आणि भाऊबीजेच्या रात्री, पाहुणेरावळे गेल्यावर, घरातलं कोणीतरी हटकून म्हणेल, "आता साधंच कर गं काहीतरी." त्या वेळी खुशाल मऊ भात टाका. पण एक करा, आल्याचे चार काप आणि कांद्याची पात घालून पाहा, वर तूप-जिरं. आणि पहिला चमचा घरातल्या सर्वांत वडील माणसाला देऊन विचारा, कसं झालंय म्हणून. नाक मुरडलं तरी चालेल. मत मात्र नक्की मिळेल, आणि मत देऊन झालं की माणूस सहसा दुसरा चमचाही घेतं. दिवाळी तुम्हां सर्वांना गोड जावो, आणि चौथ्या दिवशी थोडी आंबट-खारटही!